मदत हवी आहे: रुंद ओक खांबांवर चुन्याचा गिलावा धरत नाही

इंग्लंडच्या सफक परगण्यातलं, ग्रेड २ वारसा सूचीतलं (म्हणजे कायद्याने संरक्षित) कॉटेज. ओकचा सांगाडा, मध्ये कुडाच्या भिंती. सिमेंटच्या गिलाव्यामागे ओल कोंडून तळाची तुळई कुजत होती, म्हणून रीतसर परवानगीने तो काढला. गिलावा धरून ठेवायला भिंतीवर ठोकलेल्या, ओकच्या फाडलेल्या पट्ट्यांवर नमुन्याचा थर दिला: भिजवलेला चुना १ भाग, कंगोरेदार वाळू ३ भाग, भरपूर बकरीचे केस, जाडी १० मिमी. ओलं गोणपाट ४ दिवस ठेवलं, तापमान १२ अंश. कुडावर उत्तम, २०० मिमी रुंद खांबांवर मात्र पोकळ वाजतो. पट्ट्या लाकडाला चिकटलेल्या, चुन्याला फटींतून मागे वळून पकड घ्यायला जागाच नाही. धातूची जाळी नको, लाकूड उघडं ठेवणंही नको, इथे सांगाडा मुळात झाकलेलाच होता.

खांबांवर उभ्या बारीक चिपा ठोकून पट्ट्या किती मिमी उचलाव्यात, म्हणजे पकडही येईल आणि गिलावा खिडकीच्या चौकटीपुढे येणार नाही?