भरतीच्या १०० मीटरला मांडी मागून धरते

सातारकर_भरती:
पोलीस भरतीची तयारी चालू आहे. १६०० मीटर वेळेत निघतंय. यवतेश्वरचा घाट पळत चढतो, तिथं त्रास नाही. पण सपाट मैदानावर १०० मीटर फुल काढलं की साठ-सत्तरच्या पुढं उजव्या मांडीत मागून कळ येते. गेल्या हिवाळ्यात हीच मांडी धरली होती. अकादमीतले सर म्हणाले, स्ट्रेचिंग वाढव. वाढवलं, आता तळवे जमिनीला टेकतात. तरी तेच!

खोखो_सांगली:
तळवे टेकले म्हणून मांडीत ताकद आली असं नाही, भावा. पोरांना खो-खो शिकवतो, त्यामुळं हे रोजचंच. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, बहुतेकदा जाते ती पाय पुढं फेकल्यावर, तो जमिनीला लागायच्या जरा आधी. स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी नडगीला ब्रेक लावत असतो. चढाला पावलं आखूड पडतात, म्हणून घाटात कळ नाही.

लांबताना जोर धरायची ताकद नॉर्डिक नावाच्या व्यायामानं येते. गुडघ्याखाली सतरंजीची घडी, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे, अंग सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढं झुकायचं. कंबरेत मोडायचं नाही, सगळे तिथंच चोरी करतात. आवरेना की हातावर पडायचं. डेन्मार्कच्या फुटबॉल संघांवरचा २०११ चा अभ्यास आहे: पहिल्या आठवड्यात एकदाच, पाचाचे २ सेट. दुसऱ्यात दोनदा, सहाचे २. पुढं आठवड्यातून तीनदा, ३ सेट, असे १० आठवडे. नव्या दुखापती निम्म्याहून कमी झाल्या, जुनं दुखणं उलटण्याचं प्रमाण तर त्याहूनही घटलं. आणि एकदा धरलेली मांडी पुन्हा धरायचा धोका सगळ्यात जास्त, म्हणजे तुझीच केस.

पळणारी_ताई:
नॉर्डिक स्प्रिंटच्या आदल्या दिवशी नको हं. सुरुवातीला मांडी अशी भरते की जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

सातारकर_भरती:
मग १०० मीटर बंदच ठेवू का?

खोखो_सांगली:
कळ आहे तोवर फुल नको, आधी फिजिओला दाखव. पण कायमचं बंदही नको. महिनोन्महिने नुसतं १६०० च्या चालीनं पळायचं आणि ग्राउंडच्या दिवशी एकदम १०० ला सुटायचं, यातच मांड्या जातात. वॉर्मअप करून आधी ऐंशी टक्क्यांनी पळ, वेग आठवड्यागणिक वाढव. आणि कट्‌ आवाज आला किंवा मांडी काळीनिळी पडली तर मालीश करत बसू नको, थेट डॉक्टर गाठ.