मदत हवी आहे: कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून सगळे सूर सारखे करणारं पेडल) लावला की बेस गिटार बँडमध्ये ऐकूच येत नाही

पंचतारी:
घरी एकटा वाजवतो तेव्हा आवाज भरलेला, गोल, झकास. ऑर्केस्ट्रात बसलो की बेस गायब. पेडल बंद केलं की ऐकू येतो, पण मग स्लॅपला (अंगठ्याने तार ठोकली की) अँपचा आवाज फार झाल्याचा लाल दिवा लागतो आणि साउंडवाला डोळे वटारतो. शिवाय दोन गाण्यांच्या मधे सतत 'स्स्स'. शनिवारी प्रोग्रॅम आहे. सेटिंग सांगा, थिअरी नको.

खर्जातला:
कुठलं पेडल? नॉब कोणते? बेस अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवाला) की पॅसिव्ह? पुढेमागे अजून काय लावलंय? हे न सांगता सेटिंग काय पत्रिका बघून सांगू?

तात्या_सोलापूर:
कॉम्प्रेसर हवाच कशाला? बोटं सारख्या जोराने पडली की झालं. जेमर्सनने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांचा बेस एका बोटाने वाजवला, तारासुद्धा बदलायचा नाही.

खर्जातला:
तात्या, जेमर्सन स्लॅप वाजवत नव्हता. इथे लाल दिवा स्लॅपला लागतोय.

पंचतारी:
चार नॉब: लेव्हल, टोन, अ‍ॅटॅक, सस्टेन. सस्टेन (किती दाबायचं) फुल, अ‍ॅटॅक (किती लवकर दाबायचं) शून्यावर, म्हणजे सगळ्यात जलद. बेस पाच तारांचा, अ‍ॅक्टिव्ह. ड्राइव्हपण (आवाज खरखरीत करणारं पेडल) आहे.

मिक्सर_मामा:
सस्टेन फुल! अरे, मग उरणार काय? मी मिक्सरवर बसतो, रोज हेच बघतो. अ‍ॅटॅक इतका जलद ठेवलास की बोट तारेवर पडल्याचा 'टक' पेडल गिळून टाकतं. बेस ढोबळमानाने त्या 'टक'वरच ऐकू येतो. मागची गोलाई किक ड्रम आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात खाऊन टाकतात. घरी ते दोघं नसतात, म्हणून घरी झकास. अ‍ॅटॅक उघड, म्हणजे दाब उशिरा येईल, सस्टेन निम्म्याच्या खाली आण. मिलिसेकंद दिसणारं पेडल असतं तर ३०-४० पासून सुरू कर म्हटलं असतं, आणि रेशो ४:१, म्हणजे मर्यादेच्या वर ८ डीबी गेलेला सूर २ डीबीच वर राहतो. मग पेडल चालू-बंद करून लेव्हल सारखी कर. चालू केल्यावर मोठा वाजतो म्हणून चांगला वाटतो, ही फसवणूक नेहमीची.

बासरीवेडा:
गायकांसाठी पण ४:१ च का? आमच्या भजनी मंडळाचा माइक फार शिट्टी मारतो.

मिक्सर_मामा:
शिट्टीला कॉम्प्रेसर लावू नका हो, वाढेल. आधी मॉनिटरची दिशा बदला.

खर्जातला:
मामांचं बरोबर, पण पाचवी तार विसरले. खालचा बी ३१ हर्ट्झच्या आसपास. कॉम्प्रेसर त्या दणक्यावर दबतो आणि वरचा सगळा आवाज सोबत खाली ओढतो. साइडचेनला हाय-पास असलेलं (म्हणजे खर्जाच्या दणक्यावर न दबणारं) किंवा ब्लेंड नॉबवालं पेडल घे. मूळ आवाज थोडा मिसळला की 'टक' परत येतो.

मिक्सर_मामा:
शनिवारी प्रोग्रॅम असताना नवं पेडल? खर्च करायला लावायची हौसच तुम्हाला.

खर्जातला:
हौस नाही, फिजिक्स आहे.

तात्या_सोलापूर:
फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारा लावा, दोन्ही भांडणं मिटतील.

पंचतारी:
तारांचं कुणी विचारलंय? काल प्रॅक्टिसला अ‍ॅटॅक पूर्ण उघडला, सस्टेन घड्याळातल्या दहाच्या जागी. बेस दिसला! ड्रमरनेही मान वळवून बघितलं. लाल दिवा क्वचित. पण 'स्स्स' तसाच.

मिक्सर_मामा:
क्वचित लागला तर लागू दे, पेडलची लेव्हल अजून किंचित कमी कर. 'टक' सुटून जातो तो जातोच, तो अडवायला लिमिटर (ठरल्या पातळीवर आवाज जाऊच न देणारा) लागतो.

खर्जातला:
'स्स्स' कॉम्प्रेसर तयार करत नाही, वर उचलतो. तू थांबलास की दाब सुटतो आणि आधीच्या पेडलचा सगळा कचरा मोठा होतो. ड्राइव्ह कॉम्प्रेसरच्या आधी आहे की नंतर?

पंचतारी:
बरं, आणि अँपच्या इफेक्ट्स लूपमधे (अँपच्या आतल्या टप्प्यांमधे पेडल जोडायची जागा) कॉम्प्रेसर लावला तर?

खर्जातला:
ड्राइव्ह आधी की नंतर?