नेट झालीये, प्रोजेक्टमध्ये जेआरएफ मिळतेय – घेऊ का? (मदत हवी आहे, तातडीने)

रानजाई:
शुक्रवारपर्यंत कळवायचंय. नेट (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची पात्रता परीक्षा) झालीये. एक सर त्यांच्या संशोधनाच्या प्रोजेक्टमध्ये जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) म्हणून घ्यायला तयार आहेत. मैत्रीण म्हणते, ही घेतलीस तर खरी, नेटवरून मिळणारी जेआरएफ जाईल. विद्यापीठात विचारलं तर या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात. दोन्ही जेआरएफच ना? मग फरक काय?

वऱ्हाडी_माणूस:
विषय? नेट यूजीसीची की विज्ञानवाली सीएसआयआरची? पीएचडीची नोंदणी झाली का?

चंद्रभागा:
नोंदणी होत राहील, जेआरएफ सोडू नकोस. महिना 37,000, वर घरभाडं. दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झाली की 42,000. मी लागले तेव्हा 25,000 होते.

वऱ्हाडी_माणूस:
ताई, 'नेट झाली' म्हणतेय ती. 'जेआरएफ लागली' कुठे म्हणाली?

रानजाई:
प्राणिशास्त्र, सीएसआयआर. निकालावर 'असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश' लिहिलंय. नोंदणी नाही अजून.

सह्यवासी:
मग जायला तुझ्याकडे जेआरएफ नाहीच! निकाल आता तीन गटांत लागतो, फेलोशिप फक्त पहिल्या गटाला. तुझा दुसरा. त्यावर पीएचडीला प्रवेश मिळतो, 70 टक्के वजन नेटच्या गुणांना आणि 30 मुलाखतीला. पण हे गुण एकच वर्ष चालतात, ते आधी बघ.
नेटची जेआरएफ तुझ्या नावावर असते. प्रोजेक्टचे पैसे मंजूर होतात सरांच्या प्रस्तावाला, तू त्यावर नेमलेली. प्रोजेक्ट संपलं की पगार बंद. किती महिने उरलेत?

राईनकाठ:
जर्मनीत डीएएडी या तिथल्या संस्थेची शिष्यवृत्ती बघा. मी तिच्यावरच आलो.

चंद्रभागा:
तिने परदेशाचं विचारलेलं नाही. आणि प्रोजेक्टच्या भरवशावर कुणी राहू नये. संस्थेने उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे कुठे खर्चले त्याचा दाखला) वेळेत पाठवलं नाही, पुढचा हप्ता अडला आणि माझ्या भावाला सात महिने दमडी मिळाली नाही. घरभाडं आईने भरलं.

वऱ्हाडी_माणूस:
वाईट झालं, पण सगळीकडे तसं नसतं. माझा हात प्रोजेक्टमध्येच बसला. पहिला पेपरही तिथलाच.

सह्यवासी:
रानजाई, प्रवर्ग कोणता? नोंदणी झाली की फेलोशिप देणाऱ्या राज्याच्या संस्था आहेत. अनुसूचित जातींना बार्टी, मराठा-कुणबींना सारथी, ओबीसी-भटक्या-विमुक्तांना महाज्योती. जाहिरात निघाली की अर्ज करायचा. मात्र दोन फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत.

रानजाई:
ओबीसी. सरांना आत्ताच फोन केला, 14 महिने उरलेत म्हणाले. त्यांच्याकडेच पीएचडीची जागा आहे, हे मला आज कळलं!

सह्यवासी:
मग घे. नोंदणीचा अर्ज याच फेरीत टाक, पुढे महाज्योती लागली तर प्रोजेक्टचा राजीनामा देऊनच रुजू हो.

चंद्रभागा:
आणि नेमणुकीच्या पत्रावर शेवटची तारीख वाचल्याशिवाय सही करू नकोस, बाळा.