पवई तलावातील गाळ काढण्याची मागणी करताना नेमके काय मागावे?

प्रश्न: तळेकाठ

पवई परिसरातील काही सोसायट्या मिळून महापालिकेच्या विभाग कार्यालयाला निवेदन देणार आहेत आणि त्याचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मागणी एका वाक्याची आहे: पवई तलावातील सर्व गाळ काढून तलाव पूर्वीइतका खोल करावा. बैठकीत या वाक्याला कोणाचाच विरोध नव्हता. परंतु कारणे लिहायला बसलो तेव्हा प्रत्येकाचे कारण वेगळे निघाले. काहींच्या मते तलाव खोल झाला की मिठी नदीचा पूर कमी होईल, काहींना जलपर्णीचा कायमचा बंदोबस्त हवा आहे, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर सुटणाऱ्या दुर्गंधीने जे त्रासले आहेत त्यांना बाकी कशाशीच देणेघेणे नाही.

तलाव भरून वाहू लागला की महापालिका दरवर्षी जी माहिती प्रसिद्ध करते, तिच्यानुसार त्याचे बांधकाम १८९० मध्ये पूर्ण झाले, पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर आहे, पूर्ण भरल्यावर पाण्याचा विस्तार २.२३ चौरस किलोमीटर होतो आणि साठा ५४५.५ कोटी लिटर असतो. हे पाणी पिण्यायोग्य नसल्याने औद्योगिक कामांसाठी आणि आरे दुग्ध वसाहतीत वापरले जाते.

गाळ काढल्याने वरील तिन्हींपैकी काय साध्य होईल, कामाचा आवाका किती असेल, आणि निवेदनात तांत्रिक अटी घालाव्यात की ते अभियंत्यांवर सोडावे, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: सांडवा

मी जलसंपदा खात्यातून निवृत्त झालो आहे. पवईच्या कामाशी माझा कधी संबंध आला नाही. तरी आपण दिलेल्या आकड्यांवरूनच बरेच काही सांगता येते.

पुराचा मुद्दा मसुद्यातून काढून टाकावा. तलावाच्या सांडव्याची (जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेची) पातळी ठरलेली असते आणि गाळ उपसल्याने वाढणारी जागा त्या पातळीच्या खाली असते. ती जागा पावसाळ्याच्या पहिल्या टप्प्यातच भरून जाते. पवई तलाव २०२४ मध्ये ८ जुलैला आणि २०२५ मध्ये १८ जूनलाच भरून वाहू लागला होता. एकदा तो भरला की पुढच्या प्रत्येक मुसळधार पावसाचे पाणी सरळ मिठीत जाते, मग तळ दोन मीटर खोल असो की चार. काठोकाठ भरलेल्या बादलीची उंची विचारण्यात अर्थ नसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तशा दिवशी उपयोगी पडते ती फक्त आधी मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा, म्हणजेच तलावाची पातळी नियंत्रित करणारे दरवाजे आणि ते वेळेवर चालवणारी यंत्रणा. तो विषय गाळाचा नाही. शिवाय ६.६१ चौरस किलोमीटरवर हंगामात २ मीटर पाऊस धरला तरी सुमारे १,३२० कोटी लिटर पाणी पडते. त्यातले सगळे तलावात पोहोचत नाही हे मान्य केले, तरी ५४५ कोटी लिटरचा तलाव अशा पाणलोटावर अर्ध्या हंगामात भरणे स्वाभाविकच आहे.

आता आवाका पाहू. ५४५.५ कोटी लिटर म्हणजे ५४.५५ लाख घनमीटर. त्याला पाण्याच्या विस्ताराने भागले की सरासरी खोली जेमतेम २.४५ मीटर येते. संपूर्ण तलावातून एक मीटर जाडीचा थर काढायचा म्हटले तर २२.३ लाख घनमीटर गाळ हलवावा लागेल. डंपर दहा घनमीटरचा धरला तर २ लाख २३ हजार फेऱ्या होतात. जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावरून रोज दोनशे डंपर सोडले (तेथील आजची वाहतूक पाहता ही कल्पनाच करवत नाही) तरी १,११५ दिवस लागतील, आणि पावसाळा वगळून वर्षाला सातच महिने काम होते म्हणून पाच वर्षे उलटून जातील. तेवढ्या काळात नवा गाळ येतच राहणार. ‘सर्व गाळ’ हे शब्द त्यामुळे निवेदनात नसावेत.

गाळ सगळीकडे सारखा साचत नाही. ओढ्याचे किंवा नाल्याचे पाणी तलावात शिरले की त्याचा वेग मंदावतो, वाळू आणि जाड कण मुखाशीच बसतात आणि बारीक चिकण कण खोल भागापर्यंत जातात. त्यामुळे नाल्यांच्या मुखाशी उंचवटे तयार होतात, तिथे पाणी उथळ होते, गवत आणि बेशरम नावाचे झुडूप उगवते आणि हळूहळू ती जमीनच भासू लागते. उपसा तिथे करावा, आणि त्याच ठिकाणी दरवर्षी सहज साफ करता येईल असे गाळकुंड बांधून घ्यावे. कात्रजला अठराव्या शतकात, पेशव्यांच्या काळात हेच केलेले दिसते: वरच्या तलावात गाळ बसावा, निवळलेले पाणी खालच्या तलावात यावे आणि तेथून नळाने पुणे शहरात जावे.

आपण दिलेल्या साठ्याच्या आकड्याबद्दल एक शंका नोंदवतो. दरवर्षी गाळ येतो, तरीही दरवर्षी तोच ५४५.५ कोटी लिटरचा आकडा प्रसिद्ध होतो. तळाचे नवे मोजमाप हीच आपली पहिली मागणी असावी.

उत्तर: गळकरी

मी पवईला हौसेने मासेमारी करतो, त्यामुळे काठाची बाजू थोडी परिचयाची आहे. शिसे बांधलेला गळ तळाला टेकला की दोरीवरून खोली कळते. काही ठिकाणी शिसे टक्कन थांबत नाही, मऊ चिखलात रुतत जाते आणि ओढून काढल्यावर त्याला काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा थर चिकटलेला असतो. दुर्गंधीची तक्रार करणाऱ्यांना जो वास येतो तो हाच असावा.

माझा मुद्दा मगरींचा आहे. पवई तलावात मगरी आहेत आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्यांना सर्वोच्च दर्जाचे संरक्षण आहे. आपल्याकडची मगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काठावर खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्ले बाहेर येतात. गाळ काढणाऱ्यांना सोयीचे महिनेही नेमके तेच. पोकलेन काठावरून उतरवायचे असेल तर त्याआधी वनविभागाकडून काठाची पाहणी करून घेऊन अंडी घालण्याच्या जागा वगळण्याची अट असायला हवी. काठापासून दूर, तराफ्यावरच्या यंत्राने शोषून गाळ काढला तर हा प्रश्न बराच हलका होतो.

उत्तर: मोजपट्टी

सांडवा यांच्या मोजमापाच्या मागणीला मी आणखी एक जोड देतो, आणि माझ्या मते निवेदनातील हीच सर्वांत महत्त्वाची अट ठरेल: कंत्राटदाराला पैसे कशाच्या आधारावर द्यायचे?

वजनकाट्याच्या पावतीवर किंवा डंपरच्या फेऱ्यांवर बिल निघाले की त्यात दोन दोष राहतात. पहिला दोष पाण्याचा. यंत्राने शोषलेल्या गाळात पाण्याचेच प्रमाण फार मोठे असते, म्हणजे आपण पाणी वाहून नेण्याचे पैसे देतो. दुसरा दोष, केलेल्या फेऱ्या आणि कागदावरच्या फेऱ्या यांतील अंतर. मिठी नदीच्या गाळउपशातील कथित गैरव्यवहाराबाबत मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये गुन्हा दाखल केला आणि तो सुमारे ६५ कोटी रुपयांच्या नुकसानीचा आहे. कोण दोषी हे न्यायालय ठरवेल. पण गाळ उचलला की नाही हे नंतर सिद्ध करणे किती अवघड असते, ते त्या प्रकरणातून सर्वांना दिसले आहे. नदीत पुढच्या पावसाने सगळ्याच खुणा पुसल्या जातात.

तलावात मात्र हे टाळता येते. नावेवर प्रतिध्वनी यंत्र (ध्वनी तळाला आदळून परतण्यावरून खोली मोजणारे) लावून, ठरावीक अंतरावरच्या रेषांवरून फिरून तळाचा नकाशा कामाआधी करावा आणि काम संपल्यावर त्याच रेषांवर, त्याच पाणीपातळीच्या संदर्भाने पुन्हा करावा. दोन नकाशांतील फरक म्हणजे काढलेला गाळ, आणि बिल त्याचेच. यंत्राला मऊ चिखलाचा वरचा थरच तळ वाटू शकतो, म्हणून काही जागी गज खुपसून घट्ट तळ कुठे लागतो तेही तपासावे. मोजणी करणारी संस्था कंत्राटदाराने नेमलेली नसावी आणि दोन्ही नकाशे कोणालाही पाहता येतील असे प्रसिद्ध व्हावेत. अभियंत्यांवर सोपवावे की अटी घालाव्यात, असे आपण विचारले होते. यंत्र कोणते वापरावे हे अभियंते ठरवतील. पैसे कशाचे द्यायचे हे मात्र करदात्यांनी विचारलेच पाहिजे.

उत्तर: शैवाल

जलपर्णी आणि दुर्गंधी यांबद्दल. अनुकूल परिस्थितीत जलपर्णीचे क्षेत्र साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचे खाद्य आहे सांडपाण्यातून येणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस. फॉस्फरसचा मोठा हिस्सा गाळातील लोहाशी बांधला जाऊन तळाशी बसतो. पण तळाजवळचा प्राणवायू संपला की तो बंध सुटतो आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. म्हणून एखाद्या तलावात येणारे सांडपाणी पूर्ण बंद केल्यावरही पुढची काही वर्षे हिरवा तवंग येत राहतो. अशा वेळी वरचा मऊ काळा थर काढण्याचा खरा उपयोग होतो.

क्रम मात्र उलटा चालत नाही. नाल्यांतून मैलापाणी येत असताना गाळ काढला, तर नव्या तळावर पुन्हा तोच थर बसू लागतो. राष्ट्रीय तलाव संवर्धन योजनेतही पवईचा समावेश झाला होता. तरीही जलपर्णी काढण्याच्या निविदांची वेळ पुन्हा आलीच. आधी प्रत्येक नाल्याचे तोंड मलवाहिनीकडे किंवा प्रक्रिया केंद्राकडे वळवावे आणि कोरड्या दिवसांत तलावात एकही नाला वाहत नाही हे दाखवावे, त्यानंतरच उपशाची निविदा काढावी, असे स्पष्ट लिहावे.

तळेकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुराचा परिच्छेद काढला आहे. नाले वळवणे, तळाचे मोजमाप, बिलाचा आधार आणि मगरींच्या जागा हे मुद्दे याच क्रमाने घेतले आहेत. एक सूचना अजून प्रलंबित आहे. काही रहिवाशांचे म्हणणे आहे की काढलेला गाळ काठावरच पसरून तिथे रुंद पदपथ आणि बाग करावी, म्हणजे डंपरच्या फेऱ्याही वाचतील. यावर आपले मत काय?

उत्तर: सांडवा

ही सूचना मान्य करू नये. काठावर गाळ पसरणे म्हणजे तलावात भराव टाकणे, आणि पहिल्याच पावसात त्यातला निम्मा परत आत जातो. पवईच्या काठी सुरू झालेल्या सायकल मार्गाचे काम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करण्यास सांगितले होते. पाणथळ जागांबाबतचे २०१७ चे नियम तिथे आडवे आले होते. तोच प्रकार गाळाच्या नावाने पुन्हा नको.

उत्तर: शैवाल

सहमत. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचे उदाहरण देऊन हा गाळ शेतकऱ्यांना द्यावा, असेही कोणीतरी सुचवेल. ग्रामीण तलावातला गाळ पाणलोटातून धुपून आलेली सुपीक माती असते. इथल्या गाळात सांडपाण्याबरोबर विसर्जित मूर्तींचे प्लास्टर आणि रंगही मिसळलेले असू शकतात. शिसे, क्रोमियम, कॅडमियम आणि पारा यांसाठी तलावाच्या निरनिराळ्या भागांतील नमुने तपासून घ्यावेत, केवळ वरच्या थराचे नव्हे तर खालच्या थरांचेही, आणि ते अहवाल येईपर्यंत गाळ टाकण्याची जागा निविदेत ठरवू नये.