मैत्रिणीचं लग्न मी लावलं, आता हे काम करायचंय. नाशिकमध्ये सुरुवात कुठून करू?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मे महिन्यात माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचं लग्न मी लावलं, म्हणजे गुरुजी नाहीतच, मीच. आंतरजातीय लग्न, मुलाकडच्यांना त्यांचे गुरुजी हवेत, हिच्या घरी विधीच नकोत, दोन महिने नुसती ओढाताण, शेवटी ती म्हणाली तूच लाव, तू दोघांनाही ओळखतेस. रजिस्टर लग्न आधीच झालेलं त्यामुळे कायद्याची काळजी नव्हती. गंगापूर रोडला लॉन्सवर, संध्याकाळी, अडीचशे माणसं. मी दोघांची गोष्ट सांगितली, त्यांनी लिहिलेली वचनं त्यांच्याकडून म्हणून घेतली, दोघांच्या आईवडिलांना पुढे बोलावलं, हार घातले, झालं.

पण मुलाची आजी पहिल्या रांगेत मुठीत अक्षता घेऊन बसलेली. हार झाले, टाळ्या झाल्या, तरी मूठ मिटलेलीच. मी खाली उतरले तर माझा हात धरून म्हणाल्या, बाई, अक्षता टाकायच्या कधी? मूठ उघडली तर घामाने कुंकवाचे तांदूळ तळव्याला चिकटलेले. मी तशीच परत वर गेले, माइक घेतला, सगळ्यांना उभं केलं आणि म्हटलं आजी, पहिल्या अक्षता तुमच्या. तो लाल तळवा अजून डोळ्यासमोरून जात नाही. त्या दिवसापासून मला हे काम मनापासून करावंसं वाटतंय, आणि दोन जणांनी विचारलंय पण. मावसबहीण ऑस्ट्रेलियात आहे, ती म्हणते तिकडे लग्न लावणाऱ्यांची सेलिब्रंट म्हणून रीतसर नोंदणी असते. आपल्याकडे तसं काही आहे का? शिकायचं कुठे, पैसे किती घ्यायचे? मी शाळेत शिकवते, निवेदनाची सवय आहे.

वकीलकाकू_सिडको:
अभिनंदन गं, आजींचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आता कायद्याचं नीट वाच. ऑस्ट्रेलियात १९७३ पासून सरकारने नेमलेले सेलिब्रंट आहेत, त्यांनी लावलेलं लग्न हेच कायद्याचं लग्न. आपल्याकडे असं पद नाही. त्यामुळे तुझ्या मैत्रिणीने केलं तेच सगळ्यात सुरक्षित, आधी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न, मग सोहळा हवा तसा करा. त्यासाठी दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा, नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस परत पहिल्यापासून. मग विवाह अधिकारी आणि ३ साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारतो असं तोंडाने म्हणायचं. धर्म वेगळे असतील आणि दोघांना आपापला धर्म ठेवायचा असेल तर सहसा हाच रस्ता.

खरी अडचण दुसरीकडे आहे. काही जोडपी म्हणतात, तुम्ही सोहळा करा, आम्ही नंतर महापालिकेत नोंदणी करून घेऊ. दोघं हिंदू असतील तर अशा लग्नाला हिंदू विवाह कायदा १९५५ लागतो, आणि त्याच्या कलम ७ प्रमाणे दोघांपैकी एकाच्या तरी रूढीचे विधी व्हायला लागतात. रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की विधी झालेच नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने हिंदू लग्न होत नाही. म्हणजे तू छान बोललीस, हार झाले, फोटो झाले, आणि दहा वर्षांनी पेन्शनचं किंवा घराचं काही निघालं की त्या मुलीला लग्न सिद्ध करत बसायला लागेल. नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्याची सही असते, ती डोळे झाकून करू नकोस. पहिल्या भेटीतच विचार, रजिस्टर झालंय का, सर्टिफिकेट दाखवा. नसेल तर तारीख देऊ नकोस.

येवलेकर:
ताई, तुम्ही केलंत ते आपल्या मातीत नवीन नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या सप्टेंबरमध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीशिवाय. त्यांच्या मंगलाष्टकांत वधूवर एकमेकांशी बोलतात, ती बायकांच्या हक्काचं वचन मागते आणि तो देतो. माझं लग्न तसंच झालं, अक्षतांऐवजी फुलं होती. आमच्या आळीतली बौद्ध लग्नं बौद्धाचार्य लावतात, ती पण बघा, एक माणूस शांतपणे उभा राहून सगळा मांडव कसा धरून ठेवतो ते कळेल. क्लास शोधण्याआधी अशी चार-पाच लग्नं पुढे बसून बघा असं माझं मत.

ऋचा_इंदिरानगर:
मी पुण्याला ज्ञान प्रबोधिनीत पौरोहित्य शिकले, तिथे बायकांनाही शिकवतात आणि विधीचा अर्थ मराठीत सांगायची पद्धत आहे. तुला मंत्र म्हणायचे नसले तरी हे शिक्षण उपयोगी पडेल, कारण कन्यादान नको म्हणणाऱ्या मुलीला त्या जागी काय ठेवायचं हे सुचायला आधी तिथे काय होतं ते माहीत लागतं. अक्षतांचं पण तेच ना, लोकांच्या हाताला काहीतरी काम लागतं, नुसतं ऐकायला कोणी लग्नाला येत नाही. अजून एक, मुलगा आणि मुलगी दोघांना वेगवेगळं भेट, आणि घरात नुकतं कोणी गेलंय का ते विचार. मी एकदा विचारलं नव्हतं. वडिलांच्या हस्ते असं म्हणून बसले आणि मुलगी तिथेच कोसळली. वडील कोविडमध्ये गेलेले.

साऊंडवाला_आडगाव:
कॉलर माइकच घ्या ताई, एका हातात माइक आणि दुसऱ्यात कागद असला की लॉन्सवरच्या वाऱ्यात कागद उडतोच. पुठ्ठ्याची फाइल ठेवा. वरात तासभर उशिरा येणार हे धरून चाला आणि दहाला स्पीकर बंद करावा लागतो, म्हणून तुमचा भाग २५ मिनिटांच्या वर नेऊ नका. पैशाचं म्हणाल तर चांगला निवेदक घेतो त्याच्या खाली जाऊ नका, तुमच्या तर आधीच्या दोन-तीन भेटी पण आहेत. सुपारी ठरली की अर्धे तेव्हाच घ्या. नोकरी मात्र लगेच सोडू नका, चातुर्मासात धंदा बसतो. हां, मुहूर्त न बघणारी जोडपी तुमच्याकडे तेव्हाही येतील, आणि जुन्या घरांत सिंहस्थात लग्न नको म्हणतात त्याची पण यांना अडचण नसते.

गोदाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं वाचून दोघांनाही लगेच फोन केला. एकीचं रजिस्टर झालंय. दुसऱ्यांना वाटत होतं मीच सर्टिफिकेट देणार, त्यांना सांगितलं आधी नोटीस द्या मग तारीख बोलू. ऋचाताई, वेगवेगळं भेटायचं मला सुचलंच नव्हतं, पहिलीला शनिवारी एकटीला चहाला बोलावलंय. साऊंडवाले दादा, पुठ्ठ्याची फाइल आजच आणली. येवलेकर दादा, तुमच्याकडे जवळपास एखादं सत्यशोधक लग्न आहे का, मागे उभी राहून बघितलं तर चालेल का?

येवलेकर:
मागे कशाला, पुढे बसा. तुळशीच्या लग्नानंतर माझ्या पुतणीचं आहे, गावातच. आदल्या दिवशी संध्याकाळी वचनांची तालीम असते, तेव्हाच या, मुक्कामाला आमच्याकडे.