रविवारचं कोडं आणि बंद लिफ्ट

नेने काका (सी-७०२): सुप्रभात. लिफ्ट बंद, त्यामुळे सातव्या मजल्यावरून मी काही आज खाली उतरत नाही, तेव्हा बसल्या बसल्या कोडं घ्या. चार रचना आहेत, प्रत्येकीची छोटी क्लिप खाली टाकलीय.
१) बर्लिओझ, सिंफनी फँटास्टिक, शेवटचा भाग, १८३०
२) लिस्ट, टोटेनटान्झ
३) सँ-साँस, दान्स माकाब्र, १८७४
४) रखमानिनोव्ह, व्हायोलिनवादक पॅगनिनीच्या थीमवरची रॅप्सडी, १९३४
चारही ठिकाणी एकच गोष्ट लपलेली आहे, ती ओळखायची. गूगल करायचं नाही, केलंत तर मला कळतं. बक्षीस म्हणून गावाहून आलेली आंबापोळी

सेक्रेटरी (ए-१०१): ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे याची सर्वांनी नोंद घ्यावी. लिफ्टवाल्याला फोन केलेला आहे.

रोहन (बी-३०३): काका रखमानिनोव्ह म्हणजे आपल्या रखमाईचा कोण 😂

नेने काका: हस बाबा हस. त्याची अठरावी व्हेरिएशन, म्हणजे त्या थीमचं अठरावं रूप, ऐकलीस ना की गप्प बसशील. पॅगनिनीची चाल उलटी करून टाकलीय त्याने, म्हणजे वर जाणारे स्वर खाली आणि खालचे वर, आणि त्यातून असलं काही गोड निघालंय की काय सांगू. पण कोड्याचं उत्तर ते नाही

शिल्पा (ए-२०३): सगळे फ्रेंच?

नेने काका: लिस्ट हंगेरीचा, रखमानिनोव्ह रशियाचा. पुढे

शिल्पा: मग मरण. टोटेनटान्झ म्हणजे मृत्यूचा नाच ना, दान्स माकाब्र पण तेच, सांगाडे नाचतात आणि हाडांचा खडखडाट झायलोफोनवर, आमच्या चिन्मयच्या शाळेत ऐकवलेलं. बर्लिओझचं माहीत नाही

नेने काका: बर्लिओझमध्ये पण आहे. नायक अफू घेतो, स्वप्नात स्वतःचा मुडदा बघतो आणि शेवटी चेटकिणींच्या मेळाव्यात त्याच्याच अंत्यविधीची टिंगल चाललेली असते. एका आयरिश नटीच्या नादात लिहिलं हे सगळं आणि तीन वर्षांनी लग्नही केलं तिच्याशीच. पण चौथ्याला मरण कसं लावणार? रॅप्सडीत कोणी मरत नाही. जवळ आलात पण दार शेजारचं वाजवलंत

मेधा (ए-६०४): मी सांगते, पॅगनिनी!! चौथ्याच्या तर नावातच आहे. लिस्टने १८३२ ला पॅरिसमध्ये पॅगनिनीला ऐकलं आणि ठरवलं की पियानोवर असंच करून दाखवायचं. आणि बर्लिओझला पॅगनिनीने २०,००० फ्रँक दिले होते, बक्षीस की मदत काय ते. आणि दान्स माकाब्रमध्ये मृत्यू स्वतः व्हायोलिन वाजवतो, पॅगनिनीबद्दल लोक म्हणायचेच की सैतानाला आत्मा विकून शिकला. जुळलं बघा चारही. पोळी पाठवा

नेने काका: मेधा, इतकं सुंदर चुकीचं उत्तर मी या ग्रुपवर पहिल्यांदा वाचतोय. एकूण एक गोष्ट खरी आहे आणि उत्तर तरीही नाही. लपलेली गोष्ट त्या क्लिपमध्ये ऐकू येते, चरित्रात नाही

मेधा: अन्याय आहे हा 😤

कदम (सी-१०४): एमएच ०४ पांढरी स्विफ्ट कोणाची, गेटसमोर आहे, टँकर आत येत नाहीये

रोहन: माझी, आलो. लिफ्ट नाहीये ना, जिन्याने येतोय

कुलकर्णी काकू (बी-५०१): मी आत्ता पेटी काढून बसले होते. नावं मला कळत नाहीत पण पहिली क्लिप तीनदा ऐकली. सुरुवातीला घंटा वाजतात मग कोणीतरी जाडजूड पितळी वाद्यं अगदी विलंबित चाल वाजवतात. ग रे ग सा, रे नि सा सा. ग आणि नि कोमल, नि मंद्रातला. मला काफी थाटातलं वाटतंय. आणि दुसऱ्यात तर सुरुवातीलाच तेच, पियानो खालच्या सप्तकात घण घातल्यासारखा आणि वर हीच ओळ

नेने काका: 👏👏👏 काकू!!!

कुलकर्णी काकू: थांबा हो, तिसऱ्यात सापडत नाही. चौथ्यात पियानोवर सापडली, संथ आहे, बाकीचे मागे वेगळंच काही करतायत

नेने काका: तिसऱ्यात कोमल ग शुद्ध करून शोधा आणि विलंबित विसरा, तिथे ती चाल हसत्या चेहऱ्याने वॉल्ट्झमध्ये नाचतेय. सँ-साँसचा खट्याळपणा. तसंही त्या तुकड्यात व्हायोलिनची वरची तार मुद्दाम अर्धा स्वर उतरवलेली असते, ई ची ई फ्लॅट, त्यामुळे सुरुवातच बेसूर वाटते. पण काकू, आता सांगा ही ओळ कुठली? चाल सापडली, नाव राहिलं

कुलकर्णी काकू: ते मला कसं कळणार, मी कधी चर्चमध्ये पाऊल टाकलेलं नाही

नेने काका: चर्च म्हणालात!!! कशावरून?

कुलकर्णी काकू: घंटेवरून हो

मेधा: काकूंना काढा ग्रुपवरून 😂😂

दुपारी १

डिसोझा अंकल (सी-२०१): आत्ता जेवून मोबाईल बघतोय. पहिली क्लिप लावली आणि मिसेस आतून म्हणाली कोण गेलं. ही दिएस ईरे आहे. आम्ही लहानपणी गोव्यात सासष्टीत पॅरिश स्कूलला जायचो, तिथे मेस्त म्हणजे मास्तर सोल्फा, दो रे मी वगैरे, शिकवायचा आणि व्हायोलिन पण, चुकलं की कानावर. गावात कोणी वारलं की आम्ही चार पाच पोरं कॉयरला. पाद्री काळ्या कपड्यात, मधे शवपेटी, सगळं लॅटिनमध्ये. अर्थ एकालाही माहीत नाही पण चाल अजून पाठ, फा मी फा रे, मी दो रे रे

नेने काका: अंकल बरोबर!!! १०० पैकी १००

कुलकर्णी काकू: डिसोझा साहेब पण रे कुठून आला शेवटी, सा आहे तो. रे नि सा सा

डिसोझा अंकल: नाही मॅडम, मी दो रे रे. रे वरच संपते

कुलकर्णी काकू: अहो संपेल तो सा ना

डिसोझा अंकल: आमचा दो जागचा हलत नाही, कोणी मेलं तरी 😊

नेने काका: दोघंही बरोबर. त्यांचा रे तोच काकूंचा सा. त्यांचा फा म्हणजे काकूंचा कोमल ग आणि त्यांचा दो म्हणजे काकूंचा मंद्र कोमल नि. एकच पायरी, एक जण मजला मोजतो तळापासून आणि दुसरा आपण उभे आहोत तिथपासून. आणि काकूंचं काफी अगदी चोख, कारण चर्चवाले ज्या मोडला, म्हणजे त्यांच्या थाटाला, डोरियन म्हणतात त्याचे स्वर काफी थाटाचेच

कुलकर्णी काकू: मग रे म्हणायचं कशाला

शिल्पा: म्हणजे अर्थ काय त्याचा?

नेने काका: दिएस ईरे म्हणजे कोपाचा दिवस, जगाची राख होईल तो दिवस. शब्द साधारण तेराव्या शतकातले, परंपरेने चेलानोच्या थॉमसचे मानतात, संत फ्रान्सिसच्या पहिल्या मंडळींतला. शेकडो वर्षं युरोपात प्रत्येकाने ही ओळ प्रेतापाशी ऐकलेली, म्हणून बर्लिओझने फक्त वाजवली की हॉलमधल्या लोकांच्या अंगावर काटा. आणि त्या पहिल्या प्रयोगाला १८३० च्या डिसेंबरमध्ये पॅरिसला लिस्ट स्वतः हजर होता, एकोणीस वर्षांचा. टोटेनटान्झ या एकाच चालीवर उभं केलं त्याने पुढे

मेधा: आणि रॅप्सडीत कशाला घातली मग? पॅगनिनीच्या चालीत?

नेने काका: तुझ्या सैतानासाठी! रखमानिनोव्हने नंतर बॅलेसाठी नृत्यदिग्दर्शक फोकिनला कथा सुचवली तेव्हा जिथे जिथे दिएस ईरे येते तिथे तिथे सैतान असं धरलं होतं. सातव्या, दहाव्या आणि शेवटच्या चोविसाव्या व्हेरिएशनमध्ये येते. तुझं अर्धं उत्तर तेवढं खरं

मेधा: अर्धी पोळी द्या मग

रोहन: एक मिनिट एक मिनिट, ही चाल मला माहितीये!! द शायनिंग सिनेमाच्या सुरुवातीला डोंगरातून गाडी जाते तेव्हा वाजते ती हीच ना? मी ते सिंथेसायझरचं काहीतरी समजत होतो

नेने काका: हीच. आणि हसत होतास सकाळी

शिल्पा: अंकल, आता का नाही ऐकू येत ही? मागच्या वर्षी तुमच्या भावाच्या वेळी चर्चला आलो होतो आम्ही, तेव्हा नव्हती

डिसोझा अंकल: व्हॅटिकन कौन्सिलनंतर, म्हणजे रोममधल्या चर्चच्या मोठ्या सभेनंतर सगळं बदललं, साठच्या दशकात. मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, कोंकणीत आली, काळे कपडे गेले, ही पण गेली. भीती घालणारं गाणं नको, आशेचं हवं म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. पण माझ्या बाबांना मात्र ही गायली होती, मी बारा वर्षांचा, मीच कॉयरमध्ये. फा मी फा रे वर आवाज फुटला माझा. मेस्तने त्या दिवशी मारलं नाही

कुलकर्णी काकू: 🙏

नेने काका: 🙏

कुलकर्णी काकू: डिसोझा साहेब, व्हायोलिन आहे का अजून घरात?

डिसोझा अंकल: पेटीत आहे. तारा गेल्यात

कुलकर्णी काकू: तारा आणा. संध्याकाळी मी पेटी घेऊन तुमच्याकडेच येते, तीन मजले उतरायचे तर आहेत. तुम्ही रे म्हणा मी सा म्हणेन

नेने काका: आंबापोळी काकूंना अर्धी अंकलना अर्धी. मेधाला वास

डिसोझा अंकल: मला शुगर आहे. पाठवा तरी

सेक्रेटरी: पुन्हा एकदा विनंती, ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे.

रात्री ११:४०

सेक्रेटरी: तिसऱ्या क्लिपमध्ये मलाही ऐकू आली. लिफ्ट सुरू झाली आहे. उद्या सकाळी टाकी धुणार, पाणी भरून ठेवावे.