गृहकर्जाच्या शुल्कांत घासाघीस नेमकी कुठे करावी?

मुलुंडवासी: मुलुंडला रीसेलचा फ्लॅट घेत असून एका बँकेने वीस वर्षांसाठी ६० लाखांचे कर्ज तत्त्वतः मंजूर केले आहे. प्रोसेसिंग फी अर्धा टक्का, म्हणजे जीएसटीसह ३५,४०० रुपये; शिवाय टायटल (मालकी हक्क) तपासणी, मूल्यांकन, तारणाच्या दस्ताचे १८,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि एकरकमी हप्त्याचा कर्जविमा. यांपैकी काय कमी करून मागता येते?

ठाणेकर: सरकारजमा होणारी रक्कम आधी बाजूला काढावी. मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनची (तारणाची सरकारदरबारी नोंद करण्याची) फी बँकेच्या हातात नसते, त्यामुळे तिथे शब्द खर्चू नयेत. प्रोसेसिंग फी मात्र बँकेचीच असते आणि दुसऱ्या बँकेचे मंजुरीपत्र समोर ठेवले की ती बरीच खाली येऊ शकते. विम्याबाबत ठाम राहावे. ठरावीक कंपनीचाच कर्जविमा घेण्याची सक्ती बँकेला करता येत नाही आणि तो हप्ता कर्जात मिळवला, तर त्यावरही वीस वर्षे व्याज भरावे लागते. घरच्यांसाठी संरक्षण हवेच, पण साधा टर्म विमा वेगळा घेऊन किंमत ताडून पाहावी.

दादरची वाचक: माझ्या मते खरी घासाघीस व्याजदरावर व्हायला हवी. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) सर्वांना सारखाच असला, तरी त्यावरचा स्प्रेड, म्हणजे जादा टक्केवारी, बँक ठरवते. साडेआठऐवजी ८.४० टक्के दर मिळाला, तर तुमचा मासिक हप्ता सुमारे ३८० रुपयांनी उतरतो, म्हणजे पूर्ण मुदतीत जवळपास ९१ हजार वाचतात. फी पूर्ण माफ झाली तरी एवढी बचत होत नाही.

बोरिवलीकर: जे ठरेल ते ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये, म्हणजे कर्जाचा दर व सर्व शुल्के एकत्र दाखवणाऱ्या बँकेच्या पत्रकात, उतरवून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने ते बंधनकारक केले आहे. त्यातील वार्षिक टक्केवारी दरात व्याजासोबत फी, तसेच बँक इतरांच्या वतीने वसूल करते ते विम्याचे व कायदेशीर तपासणीचे पैसेही धरलेले असतात. म्हणून दोन बँकांची तुलना त्याच आकड्यावर करावी. त्यात न दाखवलेले शुल्क पुढे तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. प्रतिनिधीने फोनवर दिलेला शब्द या कागदावर नसेल, तर तो धरू नका.

मुलुंडवासी: मनःपूर्वक आभार. फीचा धनादेश देण्यापूर्वी दोन्ही बँकांकडून हे पत्रक मागवतो आणि स्प्रेडबद्दल शाखा व्यवस्थापकांशी प्रत्यक्ष बोलतो.